अमावास्येच्या रात्री नील बेटावर

निळा समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि त्यांच्यासमोर आपला एकच तंबू, असं चित्र तुम्ही कधी ना कधी वहीच्या मागच्या पानावर काढलंच असेल. मीही काढायचो. फक्त माझ्या चित्रातला तंबू नेहमी अगदी पाण्याला लागून असायचा. त्या हौसेपायी आमची काय गंमत झाली, तेच आज सांगणार आहे. गंमत हे आता म्हणतो आहे. त्या रात्री तोंडचं पाणी पळालं होतं!

२०२३ सालचा जानेवारी महिना. मी, माझा एक मित्र आणि माझा आठवीतला भाचा असे तिघे अंदमानला निघालो. भाच्याला शाळेतून सुट्टी मिळावी म्हणून ताईला मुख्याध्यापकांना पत्र लिहावं लागलं. "पोराला धड परत आण," एवढंच ती मला स्टेशनवर म्हणाली.

आमच्याकडे पैसे बेताचे होते. म्हणून विमानाचा विचारच केला नाही. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून अंदमानला सरकारी जहाजं जातात. चेन्नईपर्यंत रेल्वेच्या स्लीपर डब्यातून गेलो आणि पुढे जहाजाच्या 'बंक' वर्गातून. बंक म्हणजे जहाजाच्या पोटातला एक लांबच लांब दिवाणखाना समजा! त्यात एकावर एक पलंगांच्या रांगा. सगळ्यांत स्वस्त तिकीट हेच. प्रवास जवळजवळ तीन दिवसांचा. पहिला दिवस भाच्याने डोळे मिटून आणि लिंबू हुंगून काढला. दुसऱ्या दिवशी मात्र डेकवर गेलो, तर पाण्यातून चंदेरी मासे भुर्रकन उडत होते. उडणारे मासे बरं का! मग स्वारी डेकवरून खाली यायलाच तयार होईना.

पोर्ट ब्लेअरला उतरलो. या शहराचं नाव २०२४ मध्ये 'श्री विजयपुरम' झालं. तिथून सरकारी बोटीने दोनेक तासांत नील बेटावर. याचंही नाव २०१८ पासून 'शहीद द्वीप' आहे, पण बोटीवरची माणसं अजून 'नील'च म्हणत होती. इथल्या गावांची नावं ऐका : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे वसवलं. त्यांनी जंगल साफ करून भाताची खाचरं आणि भाजीचे मळे तयार केले. अंदमानच्या बाजारातली बरीच भाजी आजही या चिमुकल्या बेटावरून जाते.

आता तुम्ही म्हणाल, तंबू कुठेही ठोकायचा की! तसं मुळीच नाही. अंदमानचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग जंगल आहे आणि तिथे राहायचं तर वनखात्याची परवानगी लागते. काही बेटांवर आदिवासींची वस्ती आहे. उत्तर सेंटिनल बेटाच्या तर जवळ जायलाही बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बाहेरच्या माणसाचा साधा सर्दी-खोकलासुद्धा तिथल्या लोकांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून आम्ही सोपा मार्ग काढला. नारळी-पोफळीच्या एका बागेच्या म्हाताऱ्या मालकाला गाठलं. भाचा त्यांना लगेच 'दादू' म्हणू लागला. थोडे पैसे घेऊन दादूंनी बागेत तंबू लावू दिला, आणि विहिरीचं पाणीही दिलं.

या विहिरीचं एक नवल सांगतो. चहूकडे खारा समुद्र, मग विहिरीत गोडं पाणी कुठून? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. पण फार उपसा केला, की खालचं खारं पाणी वर येतं. म्हणून दादूंच्या घरी आंघोळीला एकच बादली मिळे. आम्ही वीस लिटरचा कॅन भरून घेतला. तिघांना दिवसभर पिण्या-रांधण्याला तेवढं लागतंच.

"तंबू इथे लावा," म्हणून दादूंनी एका उंडीच्या झाडाखाली जागा दाखवली. आपल्या कोकणात असते ना, तीच उंडी. नारळाखाली तंबू लावायचा नसतो, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच! पण उंडीखालून समुद्र नीट दिसत नव्हता. दुपारचे साडेतीन झाले होते. ओहोटीमुळे पाणी दूरवर गेलं होतं, प्रवाळाचे खडक उघडे पडले होते आणि समोर कोरडी, मऊ वाळू पसरली होती. मला वहीतलं चित्र आठवलं. आम्ही तंबू उचलला आणि वीस-पंचवीस पावलं खाली वाळूत नेऊन ठोकला.

"आज अमावस है," दादू हिंदीत म्हणाले.

"मालूम है, दादू," मी ऐटीत म्हणालो. कारण कोकणातला हिशेब मला पाठ होता. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे पाणी चढेल ते मध्यरात्री. अकराला उठून बघू, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मामा, हा कचरा इथे कुणी टाकला?" तंबूच्या मागे, वरच्या बाजूला, सुकलेली पानं, काटक्या, शिंपले यांची एक लांबलचक नागमोडी रेघ पडली होती. "वाऱ्याने आला असेल," मी म्हणालो. मुलांच्या प्रश्नांना मोठी माणसं अशी उत्तरं देतात ना, तसंच.

सव्वापाचला सूर्य बुडाला. त्या दिवशी मुंबईत तो जवळजवळ साडेसहाला मावळला असेल! अंदमान पुष्कळ पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच. सहाला मिट्ट काळोख. दादूंच्या घरी भात आणि माशाचा झोल खाऊन आलो. आकाशात इतके ताऱ्यांचे पुंजके, की ओळखीचं मृगनक्षत्रही शोधावं लागलं. ओल्या वाळूत पाय आपटला, की निळ्या ठिणग्या उडत होत्या. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो प्रकाश असतो. पाण्यात मात्र उतरायचं नाही, असं दादूंनी बजावलं होतं. अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत. २०१० साली शेजारच्या हॅवलॉक बेटावर एका परदेशी पाहुणीचा मगरीने जीव घेतला होता. साडेआठला दमून आडवे झालो आणि ढाराढूर!

"मामा, माझी पाठ ओली झाली."

भाच्याचा आवाज. मी चाचपून पाहिलं, तर तंबूची जमीन चक्क डुलत होती! चेन उघडली आणि लाट आत आली. नऊ वाजून गेले होते. त्याला बकोटीला धरून मी आधी बाहेर काढलं आणि वर पळवलं. तो मोठमोठ्याने दादूंना हाका मारू लागला. मी आणि मित्र गुडघाभर पाण्यात खुंट्या उपटत होतो. वाळूतल्या खुंट्या एरवी आपोआप निघतात, त्या दिवशी एक निघेना! दादू बॅटरी आणि काठी घेऊन धावत आले. तंबू ओढून काढला. पांघरुणं भिजली, पाण्याचा कॅन तरंगत काळोखात गेला आणि भाच्याची एक चप्पल गेली. परतीची तिकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, म्हणून वाचली. दादू आम्हाला एक शब्दही रागावले नाहीत. त्याने मला जास्तच लाजल्यासारखं झालं. ती रात्र त्यांच्या ओट्यावर काढली. भाचा लगेच झोपला. मला मात्र ताईचं स्टेशनवरचं वाक्य ऐकू येत होतं.

सकाळी दादूंनी सगळा उलगडा केला. माझा पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर आपापल्या वेळी पोहोचते, आणि इथे अमावास्येला ती दहाच्या आतबाहेर येते. शिवाय आम्ही तंबू लावला तो ऐन ओहोटीला. मागची कचऱ्याची रेघ म्हणजे आधीच्या भरतीने स्वतः काढलेली खूण होती. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका! त्यात आणखी एक योग. त्या अमावास्येला चंद्र पृथ्वीच्या फारच जवळ होता, सुमारे ३ लाख ५६ हजार किलोमीटरवर. एरवी सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार. साहजिकच उधाणही मोठं.

मग तंबू गेला उंडीखाली, निमूटपणे. रात्री शंखातले खेकडे सांडलेला भात वेचायला तंबूभोवती खुडखुडत फिरत. रिकामे शंख तिथून आणायला बंदी आहे. पुढच्या खेकड्याला घर नको का? डासांपेक्षा बारीक वाळूमाश्यांनी मात्र छळलं. त्यांचे चावे मुंबईला येईपर्यंत खाजत होते.

भाच्याने एक नवाच उद्योग काढला. रोज रात्री पाणी जिथवर येई, तिथे तो एक काडी रोवायचा. दुसऱ्या रात्रीची काडी पहिलीच्याही वर गेली! उधाण अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीच सर्वांत मोठं असतं, हे दादू म्हणाले होते, पण त्याला ते स्वतः बघायचं होतं. नंतर मात्र काड्या एकेक पाऊल खाली उतरू लागल्या.

पाचव्या दिवशी आम्ही बोटीकडे निघालो. भाच्याने एका पायात उरलेली चप्पल आणि दुसऱ्या पायात दादूंनी दिलेली जुनी, मोठी चप्पल घातली होती. काड्या तशाच ठेवा, असं त्याने दादूंना दोनदा बजावून सांगितलं.