फाटकाबाहेरचा शिंपी

काकांनी सायगावहून आणलेली पंचवीस सेंटची नोट माझ्या हाती आली तेव्हाच बाद झालेली होती. मला ते ठाऊक नव्हतं. तिकिटांच्या वहीत लावून ती मी शाळाभर मिरवली: अमेरिकेची नोट, वर एका बाईचं चित्र. काका लष्करात. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. त्या कामावर ते १९६८ साली तिकडे होते.

कॉलेजात गेल्यावर नोटेवरचं बारीक इंग्रजी वाचलं. फक्त अमेरिकी लष्करी ठाण्यांत, फक्त अधिकृत माणसांनी वापरायची. काकांना विचारलं, तर ते भरभरून सांगू लागले. डॉलर काळ्या बाजारात जातील या धास्तीने अमेरिकी सैनिकांना पगार या कागदांत मिळे. चिल्लरसुद्धा कागदाचीच, पाच सेंटपासून. ठाण्याच्या कँटीनमध्ये ते चालत, बाहेर द्यायला मनाई. पण धोबी, शिंपी, बूटपॉलिशवाली पोरं, बारमधल्या मुली यांच्या हातात सैनिक तेच ठेवत. मग २१ ऑक्टोबर १९६८ला, कुणाला चाहूल लागू न देता, ठाण्यांची फाटकं बंद झाली. आतल्यांनी जुने कागद देऊन नव्या छपाईचे घेतले. बाहेरच्यांकडचे सगळे रद्दी झाले. काकांच्या शिंप्याकडे अशा नोटांचं पुडकंच होतं; त्यातली एक त्याने त्यांना तशीच देऊन टाकली.

पुढे मी बँकेत लागलो, कॅश काउंटरवर. आपली नोट धारकाला वचन देते, धारक कोण हे विचारत नाही, याचं मला फार अप्रूप. नोव्हेंबर २०१६मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. ३० डिसेंबरची मुदत सरल्यावर एक आजी रेशनकार्डाच्या पिशवीत सापडलेल्या पाचशेच्या नोटा घेऊन आल्या. मला त्या परत कराव्या लागल्या. हे दुःख छोटं नाही. तरी आजींना मुदत होती, रांगेत उभं राहायचा हक्क होता. सायगावच्या शिंप्यासाठी रांगच नव्हती. काळा बाजार रोखला म्हणून त्या लष्करी नोटांच्या व्यवस्थेचं कौतुक करणाऱ्यांशी मी अजून भांडतो. शिंप्याने कपडे शिवून दिले होते. त्याची मजुरी काळा बाजार कशी?

व्हिएतनाममधल्या त्या लष्करी नोटांची शेवटची मालिका मार्च १९७३मध्ये बंद झाली. आज संग्राहक कोऱ्या करकरीत नोटेला जास्त भाव देतात. मी प्रदर्शनात मळकी, घड्या पडलेली मागतो. कुणाच्या तरी हातावर मजुरी म्हणून पडलेली असली, तर तीच.