पायांखालचीं चाकें

आमच्या लिहिण्याच्या मेजावर गेले आठ दिवस दोन लहानशीं चाकें पडून आहेत. रुपयाच्या नाण्याहून थोडीं मोठीं, बोटभर रुंद, आणि इतकीं गुळगुळीत कीं एक टिचकी मारली म्हणजे बराच वेळ आपल्याच नादांत फिरत राहतात. विद्यार्थ्यांचे पेपर तपासतांना कंटाळा आला कीं आम्ही ही टिचकी मारतों, आणि आंतून आमच्या कुटुंबाचा आवाज येतो, "अहो, तीं चाकें पोराला पाठवायचीं आहेत, कीं तुम्हांलाच खेळायचीं आहेत?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर आम्हांला आठ दिवस सुचलेलें नाहीं. हीं चाकें आमच्या नातवाच्या बुटांचीं. नवरात्रांत तो आमच्या गांवीं तलवाड्यास आला होता, तेव्हां तीं आमच्या कोटाच्या खिशांत राहून गेलीं. आतां दिवाळीच्या सुट्टींत कन्या व जांवई त्याला खोपोलीजवळच्या इमॅजिका नांवाच्या थीम पार्कांत नेणार आहेत. "बाबा, चाकें लवकर पाठवा. त्याला बूट घालून तिथें जायचें आहे," असा कन्येचा पुण्याहून फोन आला, आणि फोन ठेवतां ठेवतां ती म्हणाली, "पण पाठवावीं कीं नाहीं, हें तुम्हींच ठरवा. बूट तुम्हींच घेऊन दिले आहेत." हें शेवटलें वाक्य खरें आहे. मुलांचे लाड करून आजोबा मोकळे होतात आणि निस्तरावें आईबापांना लागतें, असा जो सार्वत्रिक नियम आहे, त्याला आमच्या कन्येनें या वेळीं अपवाद केला.

ज्या वाचकांच्या घरीं अद्याप हे बूट शिरले नसतील त्यांच्यासाठीं थोडें वर्णन केलें पाहिजे. दिसावयास हा साधा कापडी बूट असतो. टाचेंत एक खळगा, व त्या खळग्यांत हें चाक. चवडा टेकून चाललें तर मूल चारचौघांसारखें चालतें. चवडा उचलून टाचेवर भार टाकला, कीं तेंच मूल पाण्यावरून होडी जावी तसें सरकूं लागतें. चाक नको असेल तेव्हां तें काढून खळग्यांत बूच बसवतां येतें. अमेरिकेंतील रॉजर ॲडम्स नांवाच्या गृहस्थाची ही कल्पना. सन २००० पासून हे बूट बाजारांत आहेत.

परंतु पायाला चाकें लावण्याचा सोस त्याहून पुष्कळ जुना आहे. अठराव्या शतकांत लंडनमध्यें जॉन जोसेफ मर्लिन नांवाचा एक कारागीर होता. सोहोमधील एका मोठ्या मेजवानीच्या समारंभांत हा गृहस्थ पायांत चाकें बांधून व हातांत व्हायोलिन वाजवीत शिरला. शिरला खरा, पण थांबावें कसें आणि वळावें कसें याची योजना त्यानें केली नव्हती. पांचशें पौंडांहून अधिक किंमतीच्या एका आरशावर तो जाऊन आदळला, आरसा फुटला, व्हायोलिन मोडलें, आणि स्वतः मर्लिनही बराच जखमी झाला, असें सांगतात. पुढें १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननें अंग झुकवितांच वळणारीं चाकें बनविलीं, तेव्हां कोठें या खेळाला शिस्त आली. म्हणजे वेग आधीं आला, आणि वळण मागाहून शंभर वर्षांनीं! मनुष्यजातीच्या पुष्कळ शोधांचा इतिहास या एका ओळींत सांगतां येईल.

आम्ही स्वतः वेगाचे वैरी नाहीं. वैरी असूंही शकत नाहीं. कारण आमच्या गांवच्या टेकडीवरील देवीचें नांवच मुळीं त्वरिता आहे. गेवराई तालुक्यांत तलवाड्याची त्वरिता देवी सर्वांस ठाऊक आहे. जिच्या नांवांतच त्वरा आहे तिच्या पायथ्याशीं वाढलेल्या पोरांनीं हळूहळू चालावें, ही अपेक्षाच चुकीची. लहानपणीं आम्हींही गॅरेजवाल्याकडून मोडके बेअरिंग मागून आणून तीन चाकांचा लाकडी गाडा केला होता. पुढच्या बेअरिंगला दोरी बांधून उतारावर बसावयाचें, आणि मग देवीचें नांव घ्यावयाचें. त्या गाड्याची एक खूण आमच्या हनुवटीवर अद्याप आहे. ती दाढीखालीं झांकली जात असली तरी तिचा आम्हांस अभिमान वाटतो. मूल पडलें पाहिजे, हें आमचें मत आहे. पडण्याची भीति घालून ज्यांना वाढविलें, तीं मुलें पुढें वर्गांत उत्तर येत असूनही हात वर करीत नाहींत, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

म्हणूनच हे बूट आम्हीं घेऊन दिले. त्यापूर्वीं थोडें वाचनही केलें होतें. २००६ सालच्या उन्हाळ्यांत डब्लिनमधील मुलांच्या एका रुग्णालयांत, चाकांचे बूट व बुटांना बांधावयाचीं तसलींच चाकें यांमुळें दुखापत झालेलीं ६७ मुलें दहा आठवड्यांत आलीं होतीं. पडतांना हात टेकला जातो, म्हणून दुखापत बहुतेक मनगटाला आणि कोपराला. आणि पडणारांत प्रथमच प्रयत्न करणारीं व नवशिकीं मुलें पुष्कळ. यावरून आम्हीं असा निष्कर्ष काढला, कीं डोक्याला शिरस्त्राण व मनगटाला पट्टा असला आणि आठ दिवस मोकळ्या जागीं सराव केला, म्हणजे झालें. निष्कर्ष चुकीचा नव्हता. त्यांत केवळ एक माणूस विचारांत घ्यावयाचें राहून गेलें होतें; आणि तें माणूस आम्हांला गेल्या वर्षीं नवरात्रांत भेटलें.

अष्टमीचा दिवस होता. नवरात्रांत तलवाड्यास जी गर्दी उसळते तिच्यांत रेवड्या आहेत, फुगे आहेत, बांगड्यांचीं दुकानें आहेत आणि रहाटपाळणेही आहेत. थीम पार्क म्हणजे तरी दुसरें काय? आमच्या जत्रेला कुंपण घालून दाराशीं तिकीट ठेवलें, कीं थीम पार्क झालें. फरक एवढाच, कीं जत्रेंत मध्यभागीं देव असतो. टेकडीखालीं सिमेंटचा नवा उताराचा रस्ता झालेला. नातू शिरस्त्राण घालून, मनगटाला पट्टे बांधून, त्या उतारावरून येत होता, आणि आम्ही खालीं उभे राहून कौतुकानें पाहत होतों. आमचा एक बालमित्र शेजारीं होता. तो म्हणाला, "सर, लेकराच्या पायालाच गाडी जुंपली की वो!" आम्ही हंसलों. तेवढ्यांत देवीचें दर्शन घेऊन, हातांत पूजेचें ताट धरून एक म्हातारबाई आडवी आली. नातवाला ती दिसली. तिला तो दिसला नाहीं. चाकांना पावलांचा आवाज नसतो. मागून माणूस आलें तर त्याची चाहूल लागते. हे बूट नुसते येतात.

नातवाला खरचटलेंसुद्धां नाहीं. त्याच्या अंगावर सर्व संरक्षक साहित्य होतें. म्हातारबाईच्या अंगावर एक लुगडें होतें. तिच्या उजव्या हाताचें मनगट मोडलें.

आम्ही धांवलों. तिला उठवून बसविलें, तेव्हां रडकुंडीला आलेल्या नातवाकडे पाहून ती म्हणाली, "राहू द्या सर, लेकरू हाय. त्याला काय ठाव व्हतं?" शिव्या दिल्या असत्या तर बरें झालें असतें, असें आम्हांस त्या क्षणीं वाटलें. दवाखाना, प्लास्टर, औषधें, सर्व आम्हीं केलें. आणि आपलें कर्तव्य झालें असें मनाशीं म्हणून संध्याकाळीं तिच्या घरीं चौकशीला गेलों. तेथें खरा हिशेब कळला.

बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, हें वाचकांस ठाऊक असेलच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि हिशेब कोयत्याचा असतो; एक कोयता म्हणजे एक जोडपें. नवरा गेला व बायको राहिली, असें चालत नाहीं. या म्हातारबाईचा मुलगा व सून चार दिवसांनीं निघणार होतीं. मागें दोन नातवंडें शाळेसाठीं ठेवावयाचीं, व म्हातारीनें त्यांना करून घालावयाचें, असें ठरलें होतें. आतां भाकरी कोण थापणार? सून थांबूं शकत नव्हती. उचल तर केव्हांच खर्च झाली होती. मुलांना सोबत न्यावें, तर शाळा गेली. शेवटीं चौथींतल्या नातीनें तो प्रश्न सोडविला. "मी थापीन की," असें ती म्हणाली. तिचें वय नऊ. आमच्या नातवाचेंही नऊच.

आमच्या वहिनींनीं वाड्यावरून कांहीं दिवस डबा पाठविला. पण आमची रजा संपली, वहिनींचेंही वय झालेलें, आणि प्लास्टर सहा आठवड्यांचें. त्या सहा आठवड्यांतील पुष्कळशा सकाळीं त्या मुलीनें चुलीपुढें बसून काढल्या. तिची शाळा सुटली नाहीं, पण पहिला तास बहुधा चुकत असे, असें मागाहून कळलें. आमच्या नातवाच्या वेगाचा खर्च कोणीं भरला, हें त्या दिवसापासून आम्ही विसरलेलों नाहीं.

मुलानें खेळतांना स्वतःचें मनगट मोडून घेतलें, तर तो त्याच्या बाळपणाचा खर्च होय. तो आईबापांनीं सोसावा, व शक्य तर हंसत सोसावा. परंतु गर्दीमध्यें चाकें लावलीं, कीं तो खर्च अशा माणसाच्या नांवावर पडतो, ज्याला कोणीं विचारलें नव्हतें. आणि तो भरण्याचें सामर्थ्य ज्याच्या अंगीं सर्वांत कमी, त्याच्याच वांट्याला तो बहुधा येतो. थीम पार्कांतही हेंच. तेथें प्रत्येकाची मान वर, उंच फिरणाऱ्या पाळण्यांकडे लागलेली असते. पायांकडे कोणाचेंच लक्ष नसतें. रांगा असतात, सांडलेलें पाणी असतें, आणि बाबागाड्यांसाठीं व अपंगांच्या खुर्च्यांसाठीं केलेले उतार असतात. त्या खुर्चीलाही चाकेंच आहेत. पण तीं गरजेचीं चाकें आहेत, आणि हीं हौसेचीं. उतार एकच असला तर कोणीं कोणाला वाट द्यावी, हें सांगण्यास नीतिशास्त्राचा प्राध्यापक नको. कॅलिफोर्नियांत १९५५ सालीं निघालेल्या डिस्नेलँडमध्यें चाकें बसविलेले बूट घालून येण्यास मनाई आहे. पूर्वीं हें वाचून, आनंदाच्या दारांत ही कसली पाटी, असें आम्हीं म्हटलें असतें. आतां ती पाटी कोणाच्या वतीनें लिहिली आहे, हें आम्हांला दिसतें.

मग बूट माळ्यावर टाकावे काय? आमच्या कन्येनें गेल्या वर्षीं ते टाकलेच होते. पण यंदा नवरात्रांत नातू ते घालूनच आला. त्यानें आईचें मन कसें वळविलें, तें त्याचें त्याला ठाऊक. टेकडीच्या पायथ्याशीं पोंचतांच तो एका दगडावर बसला. आम्ही कांहीं बोलण्याच्या आधींच त्यानें दोन्ही चाकें काढलीं, बुचें बसविलीं, आणि "आजोबा, हीं धरा," म्हणून तीं आमच्या हातांत दिलीं. कोणीं सांगितलें, असें आम्हीं विचारलें नाहीं. दर्शनानंतर तो आम्हांला ओढीत त्या म्हातारबाईच्या घरीं घेऊन गेला. मनगट सांधलें आहे, पण भरलेली घागर त्या हातानें अद्याप उचलत नाहीं. दुपारीं ती मुलगी आमच्या वाड्यांत आली. ओसरीवरच्या शहाबादी फरशीवर नातवानें तिच्या पायांत ते बूट चढविले, चाकें बसवून दिलीं, डोक्याला आपलें शिरस्त्राण घातलें, आणि दोन्ही हात धरून तिला चालविलें. चार वेळां ती पडली. पांचव्या वेळीं हात सुटले, आणि ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत ती एकटी गेली. त्या वेळीं ती ज्या तऱ्हेनें हंसली, तें हंसूं पाहिल्यावर हे बूट वाईट आहेत असें म्हणण्याची आमची छाती नाहीं. जातांना तिनें बूट परत केले. चाकें मात्र काढून ओसरीवरच ठेवलीं होतीं. तीं आम्हीं उचलून कोटाच्या खिशांत टाकलीं.

तीं हीं चाकें. नातवानें टेकडीखालीं जें आपण होऊन केलें, तें खोपोलीच्या दारांत त्याला सुचूं नये, याचें प्रथम आम्हांस नवल वाटलें. मग लक्षांत आलें, कीं टेकडीवर त्याला ती म्हातारी आठवली होती. आणि त्या उद्यानांत ती नसणार, असें त्याला वाटत असावें. मोठ्यांनाही असेंच वाटतें. ज्याला आपण एकदां पाडलें त्याला आपण जपतों. ज्याला अद्याप पाडलें नाहीं तो आपल्याला दिसत नाहीं.

आज शेवटीं चाकें एका डबींत घातलीं आहेत. उद्यां पोस्टांत पडतील. सोबत एक चिठ्ठी लिहिली आहे. तींत मनाई नाहीं. एवढेंच लिहिलें आहे, कीं बाळा, चाकें तुझीं आहेत, म्हणून तुझ्याकडे पाठवतों. घराच्या गच्चीवर आणि मोकळ्या अंगणांत मनसोक्त फीर. पण तूं जेथें चालला आहेस तेथें ती आजी असेल. तिचें तोंड निराळें असेल, तिच्या हातांत ताटाऐवजीं दुसरें कांहीं असेल, आणि ती वर पाळण्याकडे पाहत असेल. दाराशीं बसायला एखादा दगड मिळतो का पाहा.