सांधे

माणसाला एखादे तरी वेड असावे म्हणतात. माझे वेड न्हाणीघराचे. गिरीजच्या आमच्या जुन्या घरातली दगडी मोरी मोडून मी तेथे पांढऱ्याशुभ्र लाद्या बसवल्या, त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही!

लादी बिचारी गुणी असते. अंगावर झिलई, ओला फडका फिरवला की लखलखते. खरे दुखणे असते ते दोन लाद्यांमधल्या सांध्यांचे. तेथले सिमेंट सच्छिद्र. साबणाचा राप, अंगाचे तेल, जे येईल ते पोटात घेते. आणि ओल मिळाली की बुरशी त्यावर काळी रांगोळी काढते. त्यातच आमच्या वसईतली बावखले एकेक करून बुजत गेली आणि घरच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले. लाद्यांवर क्षारांची पांढरी पुटे चढू लागली.

मी मात्र सारे खापर आईच्या खोबरेल तेलावर फोडले. "आई, जरा बेताने लावत जा ना तेल. सगळे सांधे काळे झाले बघ."

ऐंशी उलटलेली माझी आई नुसते "बरं" म्हणाली.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी कंबर कसली. पहाटेचे अभ्यंगस्नान व्हायचे ते पांढऱ्या सांध्यांच्या साक्षीने! बाजारातून आणलेले ॲसिड ओतले. फसफसून फेस आला, पुटे विरघळली. हुरूप वाढला, म्हणून पाठोपाठ ब्लीचिंग पावडर भुरभुरली. दुसऱ्याच क्षणी घशात जाळ आणि डोळ्यांतून धारा! १९१५ साली बेल्जियमच्या रणांगणावर ज्या क्लोरीन वायूने सैनिक गुदमरले, तोच मी आपल्या हाताने न्हाणीघरात तयार केला होता. माझा खोकला ऐकून सर्वांत आधी लगबगीने आली ती आई. दारातच तिचा श्वास कोंडला. बायकोने आम्हा दोघांना ओढत अंगणात आणले.

"अहो, सांधे राहू देत काळे, माणसं तरी राहू द्या!" ती रडत म्हणाली.

अंगणातल्या मोकळ्या वाऱ्यावर आईचा श्वास हळूहळू ठिकाणावर आला. तोवर मी तिच्या पायाशी मान खाली घालून बसलो होतो.

संध्याकाळी आत जाऊन पाहिले. ॲसिडने पुटांबरोबर सांध्यांचे सिमेंटही खाल्ले होते. दोघांच्याही अंगी चुनाच. ॲसिडला त्यात आपपरभाव कुठला? नखाने उकरले तरी भुगा निघत होता. फक्त आईच्या पाटाजवळच्या कोपऱ्यात ॲसिड पोचले नव्हते, आणि तेथले सांधे स्वच्छ पांढरे होते! काळे पडले होते ते माझ्या शॉवरखालचे.

मी आईला विचारले. ती म्हणाली, "अरे, आंघोळ झाली की मी लुगड्याच्या तुकड्याने पुसून घेते आणि खिडकी उघडी ठेवते. ओलच राहिली नाही, तर घासायचं कशाला?"

पुढे गवंड्याकडून सांधे नव्याने भरून घेतले. आता आंघोळीनंतर मीही फडका फिरवतो. आठवड्यातून एकदा खाण्याचा सोडा आणि दात घासायचा जुना ब्रश. बस्स, तेवढ्यावर भागते. ॲसिडची बाटली घरात येत नाही.

आणि वाचकहो, यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे आईला तेल मी लावणार आहे. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना, मनगटांना, अगदी भरपूर. लाद्यांवर सांडले, तर पुसायला मी आहेच.