सायीचा हात

वांग येतात ते चेहऱ्याचा जो भाग उन्हाला आधी भेटतो तिथे. गालफडांच्या उंचवट्यावर दोन्हीकडे सारखे, मग कपाळावर, मग वरच्या ओठाच्या कडेला. गरोदरपणात येतात, बाळंतपणानंतर काहींचे आपोआप जातात, काहींचे मुक्कामाला राहतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी येतात. आईला होते म्हणून लेकीला येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत, पण लग्नकार्यात भेटणारी बाई आधी त्यांच्याकडे बघते आणि मग डोळ्यांकडे. सुश्रुतसंहितेत ‘व्यंग’ म्हणून जे वर्णन आहे ते हेच: तोंडावरचा पातळ, काळसर, न दुखणारा डाग. त्याच्या कारणांमध्ये तिथे क्रोध आणि आयास, म्हणजे राग आणि श्रम, सांगितले आहेत. घरातल्या कितीतरी बायकांचे चेहरे आठवले की ही जोडी मला उगीच घातलेली वाटत नाही.

माझ्या मामीला धाकट्याच्या वेळी वांग आले. येईल त्या बाईने एकेक उपाय सांगितला. कुणी बटाट्याचा रस, कुणी खाण्याचा सोडा, कुणी कागदी लिंबाची फोड. “अगं, लिंबू चोळ चांगलं खसाखसा, आठ दिवसांत बघ,” असं शेजारच्या काकूंनी ठासून सांगितलं. मामीने चोळलं आणि गच्चीवर सांडगे घालायला गेली. दिवस वैशाखाचे. दोन-तीन दिवसांनी गालावर आग होऊन लाल चट्टे उठले, आणि ते निवले तेव्हा खाली पहिल्यापेक्षा गडद डाग राहिला. कागदी लिंबात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि भाजलेल्या जागी काळं उमटतं. तो डाग उतरायला महिने लागतात. काकूंच्या मनात मायाच होती. पण मामीने मग बाहेर निघताना पदर चेहऱ्यावर ओढायला सुरुवात केली, ते मला लहानपणीसुद्धा बघवत नसे.

हे काळं मुळात येतं कुठून, हे कळल्यावर माझी डागांकडे बघण्याची नजरच बदलली. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात त्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कसला रंग बनवतात याचा. अशी एक पेशी शेजारच्या तीस-पस्तीस पेशींना रंगाचे कण वाटते. ते कण त्या पेशींच्या आत जाऊन केंद्रकाच्या वरच्या बाजूला, उन्हाकडच्या बाजूला, गोळा होतात. कोकणात भात लावणारी बाई वाकते तेव्हा पाठीवर इरलं असतं, तसं हे इरलं. त्याखाली पेशीचा जीव, तिचा पुढच्या पिढीचा मजकूर, सुरक्षित राहतो. म्हणजे डाग हा कातडीने घाबरून केलेला बचाव आहे. तिला भाजलं, खरवडलं, चिमटलं की ती आणखी इरली विणते. मुरुम फोडला की मागे काळा ठिपका राहतो, तोही असाच.

म्हणून मला आजीच्या उपायांपैकी जे मऊ होते तेच खरे वाटतात. सायीत कालवलेलं मसुराच्या डाळीचं पीठ, सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ किंवा रक्तचंदन, बोटाच्या टोकाने लावायचं, कडक वाळायच्या आत कोमट पाण्याने सोडवायचं. याने वांग पुसले जातात असं मी म्हणणार नाही. कातडी ओलसर, शांत राहते, आणि शांत कातडी कमी काळवंडते. ज्येष्ठमधाची गोष्ट थोडी वेगळी: रंग बनवणाऱ्या प्रक्रियेला आवर घालणारं एक द्रव्य त्या मुळीत खरोखरच आहे. आता मेडिकलमध्ये मिळणारं नायसिनामाइड, म्हणजे बी३ जीवनसत्त्व, रंगाचे कण शेजाऱ्यांना वाटण्याच्या कामात अडथळा आणतं. अॅझेलेइक अॅसिड रंग बनण्याच्या मुळाशीच जातं, आणि ते गरोदर बाईलाही डॉक्टर देऊ शकतात. रेटिनॉइड मात्र तेव्हा टाळायचं. एका वेळी एकच नवी गोष्ट घ्यावी, आधी कानामागे लावून बघावी, आणि घाई करू नये. वरचा थर नवा व्हायला तरुणपणीसुद्धा महिनाभर लागतो, वयाबरोबर त्याहून जास्त. डाग खोलवरच्या थरात उतरला असेल तर वर्षही पुरत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी ऊन. ते थांबवलं नाही तर बाकीचं लावलेलं वाया जातं. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात त्याची पुष्कळ थट्टा झाली. मला तो नेहमीच शहाणपणाचा वाटत आला. घट्ट विणीचा सुती कपडा चांगला. खिडकीच्या काचेतूनही काळं करणारे किरण आत येतात, तेव्हा खिडकीशी बसून काम करणारीनेही सनस्क्रीन लावावं: दोन बोटं भरून चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असलो तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला नुसता दिसणारा उजेडही काळवंडवतो. त्यासाठी लोहाचे ऑक्साइड घातलेलं, किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन येतं. वांगांना तेच जास्त उपयोगी पडतं.

ज्या ट्यूबने पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, तिची मला भीती वाटते. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला डाग खरंच विरतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात, आणि ट्यूब सोडली की सगळं दुपटीने उसळतं. 2018 साली सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जात राहतात. हायड्रोक्विनोन हे चांगलं औषध आहे, पण मनाने वर्षानुवर्षं लावलं तर निळसर काळे, न जाणारे डाग देतं. गोरेपणाच्या क्रीममध्ये घातलेला पारा तर मूत्रपिंडापर्यंत पोचतो.

गोरेपणा हा निराळा विषय आहे, आणि तो निराळाच ठेवायला हवा. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आलं आणि 2020 मध्ये त्याच्या नावातला ‘फेअर’ गेला. त्या पंचेचाळीस वर्षांत आपल्याकडच्या मुलींनी डाग आणि रंग यांत फरक करायचाच सोडून दिला. कपाळाच्या मधोमध काळा ठिपका पडला असेल तर तो रंगवलेल्या कुंकवाने किंवा टिकलीच्या गोंदाने पडला असू शकतो, आणि कुंकू बदललं की तो हळूहळू फिका होतो. आपला जन्मजात सावळा रंग बदलण्याची गरज मात्र कधीच नसते. मामीलाही कुणीतरी हे तेव्हा सांगायला हवं होतं.

आंघोळीच्या वेळी नायलॉनच्या घासणीने पाठ, नडग्या, कोपर रोज खरवडणाऱ्यांच्या त्याच जागा बारीक जाळीसारख्या काळ्या पडतात. घासणी सोडणं हाच त्यावरचा पहिला उपाय. आणि एखाद्या शाळकरी मुलीच्या मानेवर, काखेत मखमली काळपट पट्टा दिसला की आया म्हणतात, “मळ साचलाय, नीट घास.” मुलगी रडेपर्यंत घासते. तो मळ नसतो. बरेचदा शरीरात इन्सुलिनचं काम अडखळत असल्याची ती खूण असते. त्या मुलीच्या हातातली वजरी काढून घ्या, तिला जवळ बसवा, आणि उपाशीपोटी रक्तातली साखर तपासायला लॅबमध्ये न्या.