थोडा बाक हवाच

ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाल्याकडे कुणी बघत नाही. गायकाला वन्स मोअर मिळतो, ढोलकीवाला टाळ्या घेतो. आम्ही ड्रम्सच्या शेजारी अर्धवट अंधारात. तिथे उभं राहून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्यातला बराच वेळ वाजवण्यात नव्हे, तर बेसच्या नेकची मनधरणी करण्यात गेला.

माझा पहिला बेस सेकंडहँड होता, फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या घडणीचा. लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बाजारात आणला तेव्हाच तारेची लांबी 34 इंच ठरली, ती आजही बहुतेक बेसना चालते. मेपलचा नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला. चार तारा सुरात आणल्या की त्यांचा मिळून ताण होतो साधारण 75 ते 80 किलो, म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस नेकला लोंबकळतोय म्हणा. त्याला तोंड द्यायला लाकडाच्या पोटात पोलादी कांब असते, ट्रस रॉड.

माझे सर गोव्याचे, फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये हयात घालवलेले. त्यांनी आधी वाजवायला शिकवलंच नाही, बघायला शिकवलं. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तारेखाली फट किती राहते ते पाहायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की बरोबर. “पुता, नेक एकदम सरळ नको,” ते म्हणायचे, “तारेला नाचायला जागा पायजे.” छेडलेली तार मधोमध सगळ्यात जास्त हेलकावते. नेक अगदी सरळ असला तर ती फ्रेटवर आपटते आणि खरखर ऐकू येते.

पण मुंबईच्या पावसाळ्यात हा बाक ठरवायचा कोणी? जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर गेली की लाकूड पाणी पितं. माझा नेक गणपतीपर्यंत इतका वाकायचा की तारा वर उचलल्या जायच्या आणि ऐन उत्सवाच्या कार्यक्रमांत बोटं भरून यायची. मग ट्रस रॉडच्या टोकात अॅलन की घालून तो पाव फेरा आवळायचा आणि लाकूड बसेपर्यंत थांबायचं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेवढाच सैल करायचा.

दुसरं दुखणं वर्षभराचं. सर्वांत बारीक, म्हणजे जी तारेवर पाचव्या फ्रेटचा सी वाजवला की तो शेजारच्या सुरांइतका टिकायचाच नाही. डेड स्पॉट. फेंडर घडणीच्या बहुतेक बेसवर तो याच आसपास सापडतो. सरांनी एकदा सुताराचा लोखंडी क्लॅम्प मागवला आणि नेकच्या टोकाला, खुंट्यांपाशी, आवळला. सी ठणठणीत वाजू लागला. मी खूश. त्यांनी मला एकेक फ्रेट मागे यायला लावलं. मेलेला सूर दोन घरं खाली जाऊन बसला होता. नेक स्वतःही कंप पावतो, आणि त्याचा कंप ज्या सुराशी जुळतो त्या सुराची ताकद नेकच शोषून घेतो. टोकाला वजन वाढलं, नेकचा कंप मंदावला, बळी बदलला एवढंच.

या दोन्ही दुखण्यांवरचा उतारा अमेरिकेत केव्हाच निघाला होता. जेफ गूल्ड हा बेसवादक कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत अवकाशयानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. 1974 मध्ये ग्रेटफुल डेडच्या मैफलीत फिल लेशचा अवजड बेस पाहून त्याला वाटलं, यानांसाठी वापरतात तो कार्बन फायबर इथे का नको? अलेम्बिक या कंपनीबरोबर त्याने कार्बनचा नेक घडवला. असा पहिला बेस 1977 मध्ये फ्लीटवुड मॅकच्या जॉन मॅक्वीने घेतला. पुढे गूल्डने मोड्युलस ही स्वतःची कंपनी काढली. 1980 च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने तर नेकबरोबर बॉडीही कार्बन-इपॉक्सीची केली आणि खुंट्यांचं डोकंच उडवलं. कार्बन पाणी पीत नाही. तो हलका आणि ताठ असल्यामुळे त्याचा कंपही वर सरकतो, बेसच्या नेहमीच्या सुरांच्या वाटेत सहसा येत नाही. ट्रस रॉडची गरजच नाही, असं तेव्हा अभिमानाने सांगितलं जायचं.

माझ्या मामेभावाने लंडनहून जुना कार्बन नेकचा बेस आणला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. पहिला पावसाळा तर चैनीत गेला. पेटी उघडायची आणि वाजवायचं. प्रत्येक फ्रेटवर सूर सारखाच भरीव, खालचा ई पियानोसारखा खणखणीत. मात्र संथ गाण्यात गायकाने श्वास घेतला तरी माझा सूर मागे उभाच. लाकडी नेक सुराचा थोडा हिस्सा गिळायचा, त्यालाच मी इतकी वर्षं गोडवा म्हणत आलो होतो. आता सूर केव्हा आटोपायचा ते उजव्या तळव्याने ठरवावं लागलं. त्या बेसने माझा हात सुधारला, हे कबूल.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मी जरा हलक्या तारा चढवल्या. ताण घटला, बाक कमी झाला, तारा खरखरू लागल्या. अॅलन की हातात, पण घालायची कुठे? नेकमध्ये रॉडच नव्हता. ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती. मोड्युलसनेही पुढे कार्बनच्या नेकमध्ये ट्रस रॉड बसवायला सुरुवात केली. तिकडे लाकडी नेक घडवणारे आज ट्रस रॉडच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या कांबी घालतात. दोघे एकमेकांकडून उसनवारी करत मधे येऊन भेटले.

नवी मुलं विचारतात, काका, लाकूड घेऊ की कार्बन? मी म्हणतो, उघड्या मंडपात, पावसात वाजवणार असलास तर कार्बन. बंद स्टुडिओत गायकाला साथ करणार असलास तर लाकूड. पण काहीही घेतलंस तरी ट्रस रॉड आहे का ते बघ, आणि दुकानातच तो फिरवून घे. नेक मुळीच वाकू नये हे आपलं मागणं नव्हतंच. किती वाकावा हे ना पावसाने ठरवावं, ना कारखान्याने; ते वाजवणाऱ्याने ठरवावं.