मणिकर्णिकेच्या पाण्यात गळ

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर गळ टाकायची कल्पनाच काशीला गेलेल्या मराठी यात्रेकरूला कशीशी वाटते. गळवाल्याचं डोकं मात्र निराळं चालतं. धुरानं काळवंडलेल्या पायऱ्यांखाली कुठला मासा असेल, हा त्याचा पहिला प्रश्न.

रोहू, कटला, मृगळ. तिघेही गंगेचेच, पण पंगती वेगळ्या: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. चकचकीत खोट्या माशाकडे ते सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना कणकेची गोळी. नकली आमिष शिकारी माशांसाठी. महसीर दोन्ही घेतो, पण तो वर, हृषीकेशपलीकडच्या खळाळत्या पाण्यात. तिथे ‘चमचा’ चालतो: पितळेची किंचित वाकलेली पात, एका टोकाला कडी, दुसऱ्याला तीन काट्यांचा गळ. ओढली की जखमी मासोळीसारखी डगमगत लुकलुकते. काशीच्या गढूळ पाण्यात ती चमक वाया. तिथे फिरकी बरी, तिची थरथर माशाला अंगावरच्या संवेदनरेषेतून कळते.

गूंच हा तळाचा राक्षस. ब्रिटिश गळवाले जेरेमी वेड यांनी नेपाळ सीमेवरच्या काली नदीत 70 किलोंहून जड गूंच पकडला. चितेतलं अर्धवट जळलेलं मांस खाऊन तो माणसांवर उठला असावा, हा तर्क चटकदार आहे. पटत मात्र नाही.

काशीत तर अर्धवट जळलेली प्रेतं खाण्याच्या कामावर सरकारनं कासवं नेमली होती! त्यासाठी 1989मध्ये रामनगर किल्ला ते मालवीय पूल हा सुमारे 7 किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य झाला, मासेमारी बंद. 2020मध्ये तो दर्जाही गेला.

महसीरचं वेड असलेल्या मराठी माणसाला लोणावळा जवळ. तिथे वळवणला टाटा पॉवर 1970च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवते.