फैजपूरच्या ओसरीवरची गोधडी

भुसावळहून तापी ओलांडली, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, आणि मग यावल तालुक्यातले फैजपूर येते. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच गावचे. डिसेंबर १९३६ मध्ये ते भरले, अध्यक्ष होते पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्याच साहित्यातून अधिवेशनाची सजावट केली होती. त्याही आधी फैजपूर रंगाऱ्यांचे गाव म्हणून नावाजलेले होते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात येथील छापील सुती कापडाची नोंद सापडते.

मी गेलो होतो केळीवरचा करपा पाहायला. बाग पाहून ओसरीवर चहाला टेकलो, तर घरची मोठी माय जुनी लुगडी अंथरून गोधडी घालत होती. शेजारी जुन्या कपड्यांचा ढीग. थोरल्या नातवाची पँट गुडघ्यावर फाटलेली, पण मागची बाजू धड. तिची धाकट्याला चड्डी होणार. आजोबांच्या धोतराची तान्ह्याला दुपटी झालीच होती.

"साहेब, लहान पोराच्या अंगाला जुनंच कापड मऊ लागतं," मोठी माय म्हणाली.

तिची रीत पाहण्यासारखी होती. कापड आधी उजेडात धरायचे, विरलेला भाग काढून टाकायचा. शिवण ओढून फाडायची नाही, टाके एकेक उसवायचे. वाढत्या मुलाच्या कपड्याला आत दोन बोटे माया ठेवायची, म्हणजे पुढल्या वर्षी तो उसवून मोठा करता येतो. केळीच्या चिकाचे काळे डाग धुऊन जात नाहीत, म्हणून तसले कपडे गोधडीच्या आतल्या थराला.

ढिगातला एक सदरा मी उचलला. स्वच्छ धुतलेला, डाग नाही. "हा कुणाचा?" विचारले. "फवारणीचा," सून म्हणाली. "बाळाला झबलं शिवायचं आहे."

मी तो बाजूला ठेवायला सांगितले. चिकाचा डाग डोळ्यांना दिसतो, पण तो अपाय करीत नाही. औषधाचा अंश दिसत नाही आणि साध्या धुण्याने पुरता निघेलच असे नाही. बाळाची कातडी नाजूक, त्यात ते कापड तोंडात घालते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

खरे सांगतो, नोकरीच्या पहिल्या वर्षी माझाही फवारणीचा सदरा घरच्या गोधडीत गेला होता. तेव्हा मलाच सुचले नव्हते.

म्हणून भगिनींनो, एवढे करा. फवारणीचे कपडे ठरवून वेगळे ठेवा, त्यावर रंगीत दोऱ्याची खूण घाला. दर फवारणीनंतर ते हातमोजे घालून, इतर धुण्यापासून वेगळे, साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. ज्यावर न मिसळलेले औषध सांडले तो कपडा पुन्हा वापरूच नका. आणि फवारणीच्या कपड्याचे झबले, दुपटे, गोधडी, अगदी चूलपोतेरेसुद्धा करू नका.

निघताना पाहिले, तर मोठी माय फवारणीच्या सदऱ्याच्या कॉलरवर लाल दोऱ्याची फुली घालत होती. झबल्यासाठी सुनेने आपली जुनी सुती साडी काढली होती.